मी अजून मेले नाही

"आई गं, मेलो!"

एवढं ओरडून मी खुर्चीवरून थेट शिक्षकखोलीतल्या टेबलावर चढले. छतावरून सुटलेली पाल माझ्या खांद्यावर पडली आणि तिथून घरंगळत कपाटामागे पसार झाली. मी मात्र तशीच टेबलावर उभी, एका हातात डस्टर आणि दुसऱ्या हातात निऱ्या. समोर आमच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका आगाशेबाई चहाची बशी तोंडाशी धरून बसल्या होत्या. पालीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणालात?"

"पाल होती, बाई."

"पाल मी पाहिली. तुम्ही काय म्हणालात?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी टेबलावरून उतरले, पदर सावरला आणि म्हटलं, "मेलो, बाई."

आगाशेबाईंनी बशी खाली ठेवली. उठून शिक्षकखोलीचं दार लावून घेतलं. 

मी कोल्हापूरची, शालन पोवार. आमच्याकडे बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. माझी आई तसं बोलायची, आजी बोलायची आणि लग्न होऊन परगावाहून आलेली नवरीसुद्धा पुढच्या दिवाळीपर्यंत तसंच बोलायला लागायची. त्यात कुणाला पुरुष व्हायचं नसतं. 'तुम्ही असं का बोलता?' हे विचारायला कुणीतरी बाहेरचं यावं लागतं, आमचं आम्हाला ते कधी ऐकूच येत नाही.

मलाही ते पहिल्यांदा ऐकू आलं ते पुण्यात, या शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका उमेदवार बाईंनी गोड हसून विचारलं, "तुम्हीपण मराठीच्या जागेसाठी आलात का?" मी म्हटलं, "व्हय, आलो की." तर त्या उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

तेव्हाच कानाला खडा लावला. नोकरी मिळाली, पण वर्षाच्या बोलीवर. वर्षअखेर आगाशेबाईंनी सही केली तर कायम, नाहीतर परत. आणि परत म्हणजे कोल्हापूरसुद्धा नाही, परत म्हणजे निपाणी. मला सोडायला आलेल्या वडिलांनी एस.टी.च्या खिडकीत तोंड घालून बजावलं होतं, "शाले, निपाणीच्या वखारवाल्यास्नी वरीसभर थांबवलंय. नोकरी पक्की झाली तर मी त्यास्नी काय सांगायचं ते सांगतो. न्हाई झाली तर मुकाट्यानं यायचं आणि बोहल्यावर उभं ऱ्हायाचं." वखारवाल्यांचा मुलगा मी पाहिला होता. त्याच्याविषयी मला एवढंच आठवतं की तो खोलीत यायच्या आधी तंबाखू आत यायची.

तेव्हा जीभ वळवणं भाग होतं. पण जीभ वळेना. प्रत्येक वाक्याआधी मनात 'बाई की बुवा?' असं विचारून घ्यायचं आणि मग बोलायचं, यात इतका वेळ जायचा की समोरचं माणूस निघून जायचं. मग मराठीची पदवी कामाला आली. मला एक चोरवाट सापडली. मराठीत बाई की बुवा हे कळू न देताही बोलता येतं. 'मी येते' म्हणायचं नाही, 'माझं येणं होईल' म्हणायचं. 'मी जेवले' नाही, 'जेवण झालं'. 'मी चालत जाते' नाही, 'माझं चालत जाणं असतं'.

याचा परिणाम असा झाला की साऱ्या शाळेत मी फार खानदानी ठरले. "पोवारबाईंच्या बोलण्यात काय अदब आहे!" आगाशेबाई इतरांना सांगायच्या. एकदा तर त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमचा राजघराण्याशी काही संबंध?"

"आमचं घर जुन्या राजवाड्याच्या मागेच आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. वडिलांचा म्हशींचा गोठा तिथेच होता.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ती पाल पडली.

दार लावून आगाशेबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काठाची पांढरी साडी, घट्ट अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला लागले.

"तुमच्याकडे सगळ्या बायका असं बोलतात?"

"हो, बाई."

"घाबरल्यावरसुद्धा?"

"घाबरल्यावर तर जास्तच."

त्यांनी एक लांब श्वास घेतला. "बसा," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीची नाट्यस्पर्धा तुम्ही पाहिली नाहीत. बरं झालं."

मी पाहिली नव्हती, पण ऐकलं होतं. शाळा-शाळांच्या स्पर्धेसाठी आगाशेबाई दर वर्षी स्वतः एक ऐतिहासिक नाटुकलं लिहीत. दर वर्षी किल्ला वेगळा असे, शेवटी मरणारा किल्लेदार मात्र तोच. शाळा मुलींची, त्यामुळे किल्लेदारापासून शत्रूपर्यंत सगळ्यांना मिशा चिकटवायला लागत. मिशांचं काही नाही, त्या डिंकाने बसत. मागच्या वर्षी घात केला तो जिभेने. घायाळ किल्लेदार झालेली दहावीची वैजू साने तलवार टेकत उठली, दार फोडून आत आलेल्या शत्रूसमोर छाती काढून उभी राहिली आणि गरजली, "थांबा! मी अजून मेले नाही!"

सभागृह जे हसायला लागलं ते पडदा पडेपर्यंत हसतच राहिलं. बक्षिसाची ढाल मुलांच्या शाळेत गेली. त्या शाळेतली पोरं पुढे कित्येक दिवस आमच्या फाटकावरून जाताना 'मी अजून मेले नाही' असं ओरडत सायकली मारत.

वैजू त्या वर्षी नापास झाली होती. तिचं म्हणणं होतं की त्या वाक्यामुळे. त्यामुळे ती यंदाही दहावीत होती आणि यंदाही किल्लेदार होती.

"तालमीत मुली चोख बोलतात," आगाशेबाई म्हणाल्या. "पण दिवे लागले, समोर माणसं दिसली, जीव घाबरला की जीभ घरी पळते. आता तुमची पळाली तशी."

"हो, बाई."

"आणि मला हवं असलेलं क्रियापद नेमकं तुमच्या घरी आहे." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. "या मुलींना तुमच्याइतकं पक्कं करा. झोपेतून उठवलं तरी 'मेलो'च म्हणाल्या पाहिजेत. त्याच वाक्यावर यंदाही नाटक संपत आणलंय मी. मागे घेणार नाही."

"आणि माझी सही, बाई?"

"स्पर्धेत एकाही मुलीची जीभ घसरली नाही तर दुसऱ्या दिवशी सही. घसरली तर तुमचं कोल्हापूर तुम्हाला लखलाभ. आणि एक. हे सगळं तालमीच्या हॉलमध्ये. हॉलच्या उंबऱ्याबाहेर 'आले-गेले'. हे पुणे आहे."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तालीम सुरू झाली. मी नाटकाची वही मिटून बाजूला ठेवली.

"उंबरा ओलांडून आत आलं की सगळ्यांनी माझ्यागत बोलायचं," मी सांगितलं. "संवाद नंतर. आधी पाणी मागायचं ते असं, भांडायचं ते असं."

वैजूने हात वर केला. "म्हणजे पुरुषांसारखं, बाई?"

"न्हाई. माझ्या आईसारखं."

मुली एकदम चेकाळल्या. "मी पाणी पिऊन येतो!" "मी दमलो बाई!" "मी न्हाई जा खेळत!" हॉल दणाणून गेला. आणि मी? दिवसभर 'माझं येणं झालं, माझं बसणं झालं' करून आंबलेलं तोंड मी तिथे मोकळं सोडलं. किती बरं वाटायचं ते सांगता येत नाही. आईचं बोलणं चोरीच्या मालासारखं लपवून हिंडण्याचा मला मनापासून संताप होता, तो त्या हॉलमध्ये रोज थोडा थोडा उतरायचा.

आगाशेबाई रोज येत. कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसत आणि कुणी अडखळलं की हलक्या आवाजात वाक्य पुरवत. त्यामुळे रोज दोन तास त्या कोपऱ्यातून कुजबुज यायची, "मी येतो... मी सोडणार नाही... मी इथेच उभा राहतो... मी मरतो, पण दार देत नाही..."

काम इतकं छान जमलं की जास्तच जमलं. एके दिवशी शाळेत नववीतल्या मृणालचे वडील, परचुरे, येऊन बसले. मृणाल किल्लेदाराची बायको झाली होती. म्हणजे तिला 'आलो-गेलो'ची गरजच नव्हती, पण बाकीच्या बोलतात तर मीच का मागे राहू, म्हणून तीही बोलायची.

आगाशेबाईंनी मला बोलावून घेतलं. दाराबाहेर वैजू आणि मृणाल कान देऊन उभ्या होत्या.

"काल घरी पाहुणे होते," परचुरे म्हणाले. "आणि आमची मृणाल आतून ओरडली, 'मी आंघोळ करून येतो!' पाहुणे विचारायला लागले, आत आणखी कोण आहे म्हणून. आता काय सांगायचं?"

"मुलं आहेत, खेळतात," आगाशेबाई म्हणाल्या.

"आज 'येतो' म्हणते, उद्या काय म्हणेल?"

"उद्या 'जातो' म्हणेल," दाराबाहेरून वैजूचा आवाज आला.

आगाशेबाईंनी तिला आत ओढलं. चांगली हजेरी घेतली. वैजूने मान खाली घातली, पण तोंड बंद ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"बाई, मी आणि मृणाल दोघी मिळून आलो, तर आम्ही 'आलो'च म्हणतो ना? 'आम्ही आलो.' ते शुद्ध असतं ना?"

"असतं."

"मग दोघी असलो की 'आलो', आणि एकटी असले की लगेच 'आले' का?"

परचुरे आगाशेबाईंकडे बघायला लागले. आगाशेबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मराठीची बी.ए., पण खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"व्याकरणात तसं आहे," आगाशेबाई शेवटी म्हणाल्या. "वर्गात जा."

परचुरे गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. आता आवाजात हसू नव्हतं. "उंबरा सांगितला होता तुम्हाला. किल्लेदार 'आले' म्हणाला तर जेवढा घात, तेवढाच किल्लेदारीण 'आलो' म्हणाली तर. कुठल्याही बाजूला घसरलं तरी सही विसरा, पोवारबाई."

त्या रात्री मला निपाणीचं स्वप्न पडलं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मागच्या रांगांत ती सायकलवाली पोरं मुद्दाम येऊन बसली होती. आम्ही दोघी विंगेत उभ्या. आगाशेबाईंच्या हातात वही होती, पण त्या वाचत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी एक बांगडी पिचली.

नाटक रंगत गेलं. शत्रूने दार फोडलं. वैजू तलवार टेकत उठली. मागच्या रांगांतली पोरं सरसावून बसली.

"थांबा!" वैजू गरजली आणि नेमकी तिथे थांबली. मला वाटलं संपलं. पण त्या कार्टीने मागच्या रांगेकडे एकदा सावकाश बघून घेतलं आणि मग एकेक शब्द मोजून त्यांच्या तोंडावर फेकला, "मी! अजून! मेलो! नाही!"

काय टाळ्या पडल्या! मागची पोरंसुद्धा वाजवायला लागली. आगाशेबाईंनी माझं मनगट सोडलं. डोळे पुसले. मीही पुसले. आता वैजू रीतसर मरायची होती आणि मृणालचं एक वाक्य उरलं होतं: 'धनी गेले म्हणून चौकी रिकामी नाही. दार राखायला मी आले आहे.' बायकोच्या तोंडचं वाक्य. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

वैजू मेली. मृणाल धावत आली. नवऱ्याची जमिनीवर पडलेली पगडी तिने उचलली, स्वतःच्या डोक्यावर चढवली. पगडी मोठी होती, पार भुवयांपर्यंत आली. मृणालने ती मागे सारली, तलवार उचलली, समोरचं भरलेलं सभागृह बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले. मी ओळखलं. पोरगी घाबरली होती.

"धनी गेले म्हणून चौकी रिकामी पडली न्हाई!" तिचा आवाज टिपेला गेला. "दार राखायला मी आलो हाय!"

पडदा पडला.

मला विंगेत तंबाखूचा वास यायला लागला. शपथेवर सांगते, आला. आगाशेबाई भिंतीला टेकल्या होत्या.  आता हसतील, मी मनात म्हटलं, आता हसतील. आणि एकदम टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पडदा ओढणारा दोरी सोडून बघायला आला.

निकालाच्या वेळी परीक्षक उठले. गळ्यात मफलर घातलेले, नाटकात आयुष्य घालवलेले म्हातारे गृहस्थ. "ढाल कन्याशाळेला," ते म्हणाले, "पण मला बोलायचंय ते शेवटच्या वाक्याविषयी. सबंध नाटकभर ही स्त्री 'आले, गेले' बोलते. पती पडतो. ती त्याची पगडी चढवते. आणि 'मी आलो हाय'! एका क्रियापदात बाईचा किल्लेदार होतो! आणि ते 'हाय'! पेठेत बसून मातीतली भाषा अशी कानाने टिपणं, याला म्हणतात लेखणी. लेखनाचं बक्षीस आगाशेबाईंना. त्यांनी वर यावं, दोन शब्द बोलावेत."

आगाशेबाई जागच्या हलेनात. मी त्यांना जवळजवळ ढकललं. माइकसमोर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की या आता खरं सांगणार. खोटं श्रेय घेणारी ती बाईच नव्हती. मी डोळे मिटले. गेली सही.

"परीक्षकांचा गैरसमज झाला आहे," आगाशेबाई म्हणाल्या. आवाज थरथरत होता. "ते वाक्य माझं नाही. मी 'आले आहे' असंच लिहिलं होतं. जे माझं नाही त्याचं बक्षीस मला नको. मी इथे ढाल घ्यायला नाही, खरं काय ते सांगायला आलो—"

त्या थांबल्या. हात तोंडावर गेला.

 पहिले हसले ते परीक्षक. "वा! वा, बाई! 'सांगायला आलो'!" असं म्हणत ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळं सभागृह उठलं. परचुरेसुद्धा उठले. "अहो, तसं नव्हे, मी खरोखरच—" आगाशेबाई माइकमध्ये सांगत राहिल्या, पण कोण ऐकतंय? त्यांच्या हातात ढाल कोंबली गेली. विंगेत वैजू मिशीसकट जमिनीवर बसून पोट धरून हसत होती, आणि मृणाल रडत होती, की हसत होती, पगडीमुळे कळत नव्हतं.

मुली ढाल घेऊन आरडाओरडा करत पालकांबरोबर गेल्या. दिवेलागण झाली होती. सभागृहाच्या फाटकाशी आम्ही दोघीच उरलो. 

"मृणालची जीभ घसरली," आगाशेबाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"एकाही मुलीची घसरता कामा नये, असं ठरलं होतं."

"हो, बाई."  एवढं जवळ येऊन निपाणी.

"अट मोडली ती मोडलीच. पण त्या पोरीपायी तुम्हाला घालवायचं, तर मग मी माझ्या जिभेचं काय करू?" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "माझं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे, पोवारबाई. जन्म या पेठेत गेला. घाबरल्यावर माझी जीभ कोल्हापूरला कशाला पळाली?"

 कोपऱ्यातली ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला हसू आवरेना. मी तोंड फिरवलं.

"हसू नका. उद्या सकाळी ऑफिसात या, सही करते."

मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांना ते आवडलं नसतं, म्हणून नुसती उभी राहिले.

"घरी कशा जाणार?" त्यांनी विचारलं.

'माझं चालत जाणं असतं' हे वाक्य सवयीने ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"चालत जातो की."

आगाशेबाईंनी चष्मा नाकावर चढवला, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि साडीचा पदर खांद्यावरून पुढे ओढला. मी वाट बघत होते, पण त्यांनी काही दुरुस्त केलं नाही.

"अंधार पडतोय," त्या म्हणाल्या. "थांबा, मीही येते."

त्या 'येते' म्हणाल्या, मी 'जातो' म्हटलं, आणि फाटक ओढून घेऊन आम्ही दोघी निघालो.